मौला एक्केचाळीस

पुण्याहून 'तारवाट' कंपनीचा सबनीस पेढ्यांचा पुडा घेऊन आला, त्या सकाळी मौलाचाचा शिकलगार त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते, आणि त्यातली निम्मी वाक्यं त्यांना कळलीच नव्हती. सबनीस बोलायचाही भरभर, आणि तोंडात पेढा असला की विचारायलाच नको. शेवटचं वाक्य मात्र त्याने उभं राहून, हात पसरून म्हटलं. ते चाचांना नीट कळलं.

"चाचा, आजपासून जगात जी जी जिवंत घोडी तयार होईल, ती तुमची जवारी घेऊनच कारखान्याबाहेर पडेल. मौला एक्केचाळीस! मूळ जवारी म्हणून तिची निवड झालीय."

गल्लीत आनंदीआनंद झाला. मिरजेच्या त्या गल्लीत तंबोरे आणि सतारी बनवणारी बत्तीस घरं, आणि मान एका घराला मिळाला तरी मिरवायला सगळी बत्तीस पुढे. समोरच्या दस्तगीरने चहा मागवला, कुणीतरी हार आणला. चाचांची मुलगी तहसीन हिने तो अब्बांच्या गळ्यात घातला आणि सगळ्यांदेखत डोळे पुसले. चाचाही हसत होते. पण जवारी लावणाऱ्याकडे जी एकच गोष्ट असावीच लागते, ती गेली चार वर्षं त्यांच्याकडे नव्हती. मौलाचाचांना नीट ऐकू येत नव्हतं.

ठार बहिरे नव्हते ते. समोरच्या माणसाचं सावकाश बोलणं, ट्रकचा हॉर्न, अजान, तंबोऱ्याचा खर्ज, हे सगळं ऐकू यायचं. गेले होते ते फक्त वरचे, बारीक आवाज. सुरुवात रातकिड्यांपासून झाली. चाचांना वाटलं, रातकिडेच मिरज सोडून गेले. चहाच्या टपरीवर त्यांनी हा सिद्धान्त दोन महिने मांडला : सिमेंटचे रस्ते झाले, ओल राहिली नाही, बिचारे किडे राहणार कुठं? ऐकणारे गंभीरपणे माना हलवायचे, कारण मौलाचाचांच्या कानावर शंका घ्यायची मिरजेत कुणाची छाती नव्हती. मग एकदा जेवताना तहसीन म्हणाली, "रातकिड्यांनी डोकं उठवलंय नुसतं. खिडकी लावू का, अब्बा?" चाचांनी तोंडातला घास तसाच गिळला आणि "लाव" म्हणाले.

त्यानंतर त्यांनी या विषयावर तोंड उघडलं नाही. डॉक्टरकडेही गेले नाहीत. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पावलापावलावर दवाखाना. पण म्हणूनच जायची सोय नव्हती. सकाळी कान तपासला असता, तर दुपारच्या आत बातमी गल्लीत पोचली असती.

आता जवारी म्हणजे काय, हे ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांना सांगायला हवं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक लहानसा पाट असतो. चारही तारा त्याच्यावरून जातात. ती घोडी. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला बोटाला जेमतेम जाणवेल इतका उतार असतो. तार छेडली की ती या उतारावर टेकत, सुटत, पुन्हा टेकत थरथरते, आणि त्या टेकण्या-सुटण्यातून मूळ स्वराच्या वरचे स्वर फुटत जातात. एका षड्जातून पंचम, मग गांधार, मग त्याहून बारीक कितीतरी. तंबोऱ्याचा जो गुंजारव ऐकून गाणाऱ्याला गावंसं वाटतं, तो असा त्या उतारातून येतो. उतार केसाच्या दहाव्या हिश्शाने चुकला की आवाज एकतर गुदमरतो, त्याला 'बंद' म्हणायचं, नाहीतर झणझणू लागतो, त्याला 'खुला' म्हणायचं. मौलाचाचा हा उतार हाडाच्या घोडीवर कानस आणि काचकागद घेऊन हाताने काढायचे. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, परत घासायचं. एका तंबोऱ्याला अख्खा दिवस. आणि वर्षा-दोन वर्षांत तारांनी हाडात खाचा पाडल्या की सगळं पहिल्यापासून.

जुना धंदाही ऐकून घ्या. भीमाकाठचा शेतकरी भोपळा पिकवायचा, दलाल तो मिरजेला आणायचा, गल्लीतले कारागीर वाद्य घडवायचे आणि मुंबई-दिल्लीचा दुकानदार त्याच्या पोटात स्वतःच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवायचा. वाजवणाऱ्याला दुकान ठाऊक असायचं, हात ठाऊक नसायचा. आणि कारागिराला आपला तंबोरा कुणाच्या घरी गेला, तिथं कसा वाजतोय, याचा पत्ताच नसायचा. नैरोबीत कुणाची जवारी उतरली, तर तो माणूस ती तशीच वाजवायचा किंवा तंबोरा खोळीत घालून कोपऱ्यात उभा करायचा.

'तारवाट' नावाच्या प्लॅटफॉर्मने सहा वर्षांपूर्वी ही साखळी उलटीपालटी केली. त्यांच्याकडे एक यंत्र होतं : जिवंत घोडी. दिसायला नेहमीसारखीच, पण माथ्याच्या टणक पातळ थराखाली साडेतीनशे बारीक स्फटिकांचे खांब. विजेचा दाब दिला की असा स्फटिक केसाच्या अंशाने लांबतो, काढला की आखडतो. आपल्या शेगडीच्या लायटरमध्ये हाच प्रकार उलटा चालतो. तिथं स्फटिक दाबला की ठिणगी पडते. हे खांब वरखाली झाले की माथ्याचा उतार हवा तसा बदलतो. म्हणजे जवारी आता हाडात अडकून राहिली नाही. ती आकड्यांत आली, आणि आकडे क्षणात कुठेही पाठवता येतात. मौलाचाचांनी मिरजेत एक हाड घासायचं, तहसीनने तपासणी-खोलीतल्या यंत्राने त्याचा उतार मोजायचा, आणि संध्याकाळी नैरोबीतला तंबोरा चाचांच्या हातचा होऊन वाजायचा. जो जो ती जवारी घेईल, त्याच्या फोनवर नाव यायचं : मौला शिकलगार, मिरज. आणि प्रत्येक वापराचा वाटा थेट घरात.

करामतच होती ती, दुसरा शब्द नाही. भोपळेवाला शेतकरी वेलावरच्या भोपळ्याला टिचकी मारून आवाज ऐकवू लागला, आणि टोरांटोतला सतारिया तो भोपळा वेलावरच राखून ठेवू लागला. दस्तगीर पूर्वी दुसऱ्यांच्या सतारींना खुंट्या करून द्यायचा. आता त्याच्या खुंट्या त्याच्या नावाने जाऊ लागल्या, कारण वाद्य अख्खंच विकलं पाहिजे ही अटच राहिली नाही. दुकानदारांतले काही रुसून बसले. काही शहाणे निघाले आणि गावोगावी जिवंत घोडी बसवून द्यायला शिकले. तीन पिढ्या ज्यांचं नाव भोपळ्याच्या आतल्या अंधारातसुद्धा नव्हतं, त्यांना माणसं नावाने हाका मारू लागली.

आणि या सगळ्यात एक्केचाळिसावी जवारी गाजली. ती कशी झाली, ते फक्त चाचांना माहीत होतं. ते घासत होते, तार चढवत होते, आणि वरच्या स्वरांची ओळखीची चकाकी काही ऐकू येत नव्हती. म्हणून अजून घासलं. अजून. शेवटी चकाकी ऐकू आली तेव्हा ते थांबले. पण त्यांच्या अधू कानाला चकाकी पोचली, म्हणजे चांगल्या कानाला ती केव्हाच बोचू लागली असणार. लोकांना मात्र ती भलतीच आवडली. वर्षभरात अकरा हजार तंबोऱ्यांवर एक्केचाळीस चढली. चाचांनी मनाची समजूत घातली : एवढी माणसं घेतायत, म्हणजे बरीच असेल.

मूळ जवारीच्या हाराची फुलं सुकून तीन महिने झाले असतील, तेव्हा सांगलीहून गोगटेबाई आल्या. वत्सलाबाई गोगटे, वय चौऱ्याहत्तर, गेल्या तीस वर्षांत त्यांच्या तंबोऱ्याला मौलाचाचांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता; गेली पाच वर्षं मात्र तो खोळीतच होता. जिवंत घोडी त्यांनी घरात घेतली नव्हती. त्यांच्या विद्यार्थिनींनी घेतली होती.

"मौलाभाई, माझ्या नऊच्या नऊ मुलींच्या तंबोऱ्यांवर तुमची ती एक्केचाळीस आहे," खुर्चीत टेकत बाई म्हणाल्या. "मी शिकवायला बसते, षड्ज लावते, आणि मला शिरायला जागाच सापडत नाही. सगळीकडे नुसतं झणझण झणझण."

"मुली काय म्हणत्यात?"

"मुलींना तेच आवडतं! त्यांनी दुसरं ऐकलंय कुठं? त्याच्यावर आवाज चढवून गातात बिचाऱ्या. परवा एकीचा गळा बसला. आठ दिवस गाणं बंद." बाई थोड्या पुढे वाकल्या. "हे तुमचं काम नाही, एवढं मला कळतं. तीस वर्षं तुमचा हात ओळखते मी. तुमचं चांगलं काम त्या यंत्राने बिघडवलंय. खरं ना?"

चाचांना वाटलं, आता सांगावं. बाईंना सांगायला काय हरकत आहे? पण जीभ आपली आपणच वळली.

"व्हय बाई. मशीनचीच कायतरी गडबड असणार ती."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा घेतला, दस्तगीरच्या नातवाची चौकशी केली आणि सांगलीला जाऊन तारवाटला चार पानी पत्र लिहिलं. गोगटेबाईंचं पत्र म्हणजे थट्टा नव्हती. ते सबनीसने वाचलं, त्याच्या वरच्यांनी वाचलं, आणि कौतुक म्हणजे त्यांनी ते गुंडाळून ठेवलं नाही. सबनीस आला. या वेळी पेढे नव्हते.

"तहसीन, मिरजेचं मोजणीयंत्र चुकत असेल, तर एकट्या एक्केचाळीसचा प्रश्न नाही," तो म्हणाला. "बत्तीस घरांच्या सगळ्या जवाऱ्या याच यंत्रातून गेल्यात. चूक सापडेपर्यंत सगळ्यांची नावं थांबवावी लागतील. शुक्रवारी दुपारी तीनला बैठक घेऊ. तू अहवाल दे."

"आणि चूक माझी निघाली तर?"

"तर खोली दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल. मला आवडणार नाही, पण द्यावी लागेल."

मिरजेची बत्तीस नावं त्याच दिवशी प्लॅटफॉर्मवरून उतरली. गल्लीत कुणी चाचांना काही बोललं नाही. उलट दस्तगीर येऊन म्हणाला, "मौला, तुझी पोरगी हुशार हाय. शोधून काढंल." चाचांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा आता मिरजेत कुणी उरला नव्हता.

तहसीनने यंत्र चार दिवस उलटंपालटं केलं. काचेची प्रमाणित पट्टी मोजली, बरोबर आली. पोलादी गोळी मोजली, बरोबर आली. बुधवारी ती कामाच्या खोलीत आली आणि म्हणाली, "अब्बा, तुमचा बिस्किटांचा डबा द्या."

डबा द्यायला चाचांचा हात रेंगाळला, पण नाही म्हणायला कारण नव्हतं. शिकलगारांच्या घरची ती जुनी रीत होती. घोडी बसवताना तिच्या तळाशी गाणाऱ्याचं नाव आणि साल पेन्सिलीने लिहायचं. झिजून परत आली की टाकायची नाही, डब्यात ठेवायची. वाद्याचा जीव तिच्यावर बसलेला असतो, कचऱ्यात कशी टाकणार, असं चाचांचे वडील म्हणायचे. डब्यात दीडशेच्या आसपास हाडं होती. ती घासून खाचाळलेली असली, तरी तारांनी खाचा पाडल्या होत्या त्या चारच ठिकाणी. दोन खाचांच्या मधलं हाड जसं घासलं होतं तसंच राहिलं होतं. तहसीनला तेवढं पुरेसं होतं.

गुरुवारी दुपारी चाचा तपासणी-खोलीत गेले. त्यांना पाहताच तहसीनने पडदा बंद केला.

"सापडली चूक?"

"सापडली." ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "यंत्राचीच होती. एक लेन्स सरकलीय."

क्षणभर, फक्त क्षणभर, चाचांना इतकं बरं वाटलं की त्यांनी भिंतीला हात टेकला. म्हणजे खरंच यंत्र? म्हणजे आपला कान... मग त्यांची नजर टेबलावर गेली. हाडं सालावार ओळीने मांडलेली होती. सगळ्यात उजवीकडे शेवटच्या चार वर्षांतली सतरा, बाकीच्यांपासून जरा बाजूला. बुधवारपर्यंत ती सतराही यंत्रात कधी गेलेली नव्हती. जुन्या पद्धतीने, थेट तंबोऱ्यांवर चढलेली होती. चाचांनी अंगठा डावीकडून ओळीवरून फिरवायला सुरुवात केली. पंचवीस वर्षं उतार एकसारखा होता. मग उजवीकडची सतरा आली, आणि अंगठ्याखालचा उतार बदलला. पहिल्यात थोडा, पुढच्यात जास्त, शेवटच्यात एवढा की त्यांचीच त्यांना लाज वाटली. यंत्र जन्मालाच आलं नसतं तरी या सतरा घोड्या अशाच वाकड्या निघाल्या असत्या.

"कधीपासून, अब्बा?" तहसीनने हळू विचारलं. तिने तोंड त्यांच्याकडे करून विचारलं होतं, ओठ दिसतील असं. म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

"रातकिडे गेल्यापास्नं."

ती हसली आणि हसता हसता रडू लागली. मग नाक पुसून म्हणाली, "मी लेन्स सरकली असंच लिहून देणारे. खोली जाईल माझ्याकडची, जाऊ दे. मला दुसरं काम मिळेल. तुम्हाला दुसरा कान मिळणार नाही. मिरजेत तुमचा कान म्हणजे... अब्बा, लोक शपथा घालतात तुमच्या कानाच्या."

"आन् गल्लीतली बाकीची घरं?"

"नवी लेन्स बसवली म्हटलं की त्यांची नावं परत चढतील."

"आन् एक्केचाळीस?"

तहसीनने टेबलावरचं शेवटचं हाड उचलून परत ठेवलं. मग म्हणाली, "परत मोजतील. हाडच तसं आहे, तर आकडे तेच येणार. तपासून खात्री केलेली, असा शिक्का बसेल वर."

चाचा स्टुलावर बसले. आपल्या बहिरेपणावर शिक्का बसणार होता. या वर्षी अकरा हजार, पुढच्या वर्षी तीस हजार, आणि जी मुलं आज तंबोरा हातात धरतील, ती मोठी होऊन दुसऱ्यांना शिकवतील तेव्हा त्यांना वाटेल, तंबोरा असाच असतो. नऊ मुलींपैकी एकीचा गळा बसला होता. उद्या किती जणींचा बसेल ते मोजणार कोण? आणि किंमत भरणार त्यांची स्वतःची पोर, कपाळावर निष्काळजीपणाचा डाग घेऊन. तहसीनने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला.

शुक्रवारी तीन वाजता तपासणी-खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सबनीस होता, पुण्याचे दोघे पडद्यावर होते, गल्लीतल्या प्रत्येक घरचं कुणी ना कुणी आलं होतं. गोगटेबाईंना खास बोलावलं होतं. त्या पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. तहसीन कागद घेऊन उभी राहिली. "मोजणीयंत्राच्या तपासणीत असं आढळलं की..." एवढं तिने वाचलं, आणि मौलाचाचा उठले.

"बस खाली, बेटा." त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला. "मशीन बरोबर हाय. लेन्सबिन्स काय सरकलेली न्हाई. माझा कान गेलाय. चार वर्षं झाली. वरचे सूर मला ऐकू येत न्हाईत, म्हणून मी जास्त घासत गेलो. एक्केचाळीस ती अशी झालीया. बाईंनी मला विचारलं, तवा मी मशीनवर ढकललं. त्या मशीननं माझं नाव आफ्रिकेपतोर नेलं, आन् मी त्याच्यावरच आळ घेतला."

खोलीत काय झालं ते चाचांना कळेना. लोक गप्प होते की आपापसात हळू बोलत होते? चार वर्षं अशा वेळी ते मान डोलावत आले होते. आज त्यांनी सरळ विचारलं.

"कुणी काय बोललं का? मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाई."

दस्तगीरने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि कानाशी ओरडून म्हणाला, "कुणी कायबी बोललं न्हाई, मौला! बस तू!"

पहिला बोलला सबनीस, आणि मोठ्याने. "चाचा, अर्धी चूक आमची आहे. कुठली जवारी जास्त घेतली जाते, एवढंच आम्ही मोजत होतो. लोक नमुने ऐकतात फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर. तिथं खालचे सूर पोचतच नाहीत, त्यामुळे सगळ्यात खुली जवारी सगळ्यात उठून दिसते. एक्केचाळीस पहिली येणारच होती. चांगली कुठली, हे आम्ही निवड करणाऱ्या संगणकाला कधी विचारलंच नाही. आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं."

त्यानंतरच्या दीड तासात जे घडलं, ते पाहून जुना धंदा केलेल्या माणसाला विश्वास बसला नसता. जुन्या साखळीत असा दोष बाहेर पडायला तीस वर्षं लागली असती आणि निस्तरायला आणखी तीस. इथं प्रत्येक जवारीवर तारीख होती, प्रत्येक हाताचं नाव होतं, आणि कुठल्या तंबोऱ्यावर काय चढलंय याची नोंद होती. मूळ जवारी ही कल्पनाच त्यांनी काढून टाकली. यापुढे नवी घोडी बसवली की ती पाच वेगवेगळ्या हातांच्या जवाऱ्या त्याच तंबोऱ्यावर, त्याच खोलीत वाजवून दाखवणार आणि गाणाऱ्याला त्यांच्यावर गायला लावणार, निवड त्यानंतर. अकरा हजार जणांना त्याच दुपारी निरोप गेला आणि पर्याय गेले. तहसीनने डब्यातल्या जुन्या हाडांची मोजणी पडद्यावर आणली, तेव्हा पुण्याचे दोघे खुर्चीतून पुढे सरकले. चाचांचा चांगल्या दिवसांतला सगळा कान तिथं मोजून ठेवलेला होता, साल आणि नावासकट.

"आणि एक्केचाळीस पुसून टाकायची?" सबनीसने विचारलं.

"पुसू नगा," चाचा म्हणाले. "कुणाला पायजे तर घेऊ द्या. पण नावाम्होरं खरं लिवा. कान गेल्यानंतरची."

तसं लिहिलं गेलं. गंमत म्हणजे दोन हजार जणांनी ती तरीही ठेवली. टोरांटोच्या एका सतारियाने कळवलं की ढोल आणि गिटारच्या गदारोळात हीच जवारी लावलेला तंबोरा तेवढा ऐकू येतो. चाचांना हे वाचून दाखवलं, तेव्हा त्यांना हसू आवरेना.

बत्तीस नावं शनिवारी परत चढली. तहसीनची खोली तहसीनकडेच राहिली. गल्लीत चाचांना पूर्वीसारखाच चहा मिळत राहिला, फक्त माणसं आता ओरडून बोलू लागली, आणि त्यात काही जणांची उगाचच हौस भागू लागली. चाचांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायला तहसीनला कुणाची परवानगी लागली नाही. डॉक्टरांनी यंत्र दिलं. बोलणं त्याने सुधारलं, रातकिडेही थोडे परतले. पण तंबोऱ्याचा तो बारीक पिसारा त्यातून खरखरीत यायचा. तेवढ्यासाठी ते यंत्र कामाचं नव्हतं, हे चाचांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

एक माणूस मात्र शुक्रवारपासून त्यांच्याशी शब्दही बोलला नव्हता. बैठक संपल्यावर गोगटेबाई उठून सरळ रिक्षात बसल्या होत्या. चाचांनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तो उचलला गेला नाही. बाकी सगळं परत मिळालं होतं. बाईंचा विश्वास परत मिळेल असं त्यांना वाटत नव्हतं, आणि त्याचं दुःख त्यांना आतून पोखरत होतं.

पुढच्या महिन्यात, एका सकाळी, बाई आल्या. सोबतच्या मुलीने काळा तंबोरा धरला होता.

"तुम्ही मला यंत्राचं कारण सांगितलंत," बाई बसायच्या आधीच म्हणाल्या. आवाज मोठा होता, आणि तो चाचांच्या कानासाठी मोठा केलेला नव्हता. "आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवून चार पानी पत्र लिहिलं. या वयात! निष्पाप यंत्राविरुद्ध!"

"चुकलं, बाई."

"चुकलंच." त्या बसल्या. श्वास घेतला. "तहसीनने मला यादी पाठवली. दोन हजार एकोणतीस साली तुम्ही या तंबोऱ्याला जी जवारी लावली होती, ती तुमच्याकडे आहे म्हणे. त्या वर्षी मी जे गायले, तसं पुन्हा कधी गायले नाही. ते हाड झिजलं तेव्हा वाटलं होतं, गेलं. ती मला हवीय. त्यासाठी तुमची ती जिवंत घोडी बसवायची असेल तर बसवा. माझी हरकत नाही."

तहसीनने घोडी बसवली. तारा चढल्या. तिने साल शोधलं, नाव शोधलं आणि ते आकडे घोडीत सोडले. साडेतीनशे खांब कुणाला न दिसता आपापल्या जागी आले, आणि आठ वर्षांपूर्वीच्या मौला शिकलगारांचा हात तंबोऱ्यावर येऊन बसला. बाईंनी तारा छेडल्या. त्यांचा चेहरा उजळला, आणि मग थोडा उतरला.

"तीच आहे. अगदी तीच," त्या म्हणाल्या. "पण माझा गळा आता खाली आलाय, मौलाभाई. आठ वर्षांत माणूस तसाच कुठं राहतो?"

चाचा पुढे सरकले. चाळीस वर्षांच्या कामात त्यांनी एकाही गाणाऱ्याला कधी विचारलं नव्हतं; काम झालं की नाही ते तेच सांगायचे. आज त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला.

"बाई, वरचं मला ऐकू येत न्हाई. काय कमी, काय जास्त, ते तुम्ही सांगा. काय करायचं ते मी सांगतो."

"पंचम फार पुढे येतोय."

"तहसीन, पंचमाखाली, मागल्या अंगाला, केसाच्या दहाव्या हिश्शानं खाली घे. सगळा उतार हलवू नगंस, निस्ता मागला." तहसीनने आकडा बदलला. "आता?"

"खर्ज जरा कोरडा वाटतोय."

"मग धागा नखभर म्होरं." घोडी आणि तारेच्या मध्ये सुताचा धागा असतो, तो त्यांनी स्वतःच्या नखाने सरकवला. "आता?"

बाईंनी पुन्हा तारा छेडल्या. चाचा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांना ऐकू येत होता तो फक्त तारांचा जाड, खालचा भाग. त्याच्यावर काय उमलतंय, ते त्यांच्यासाठी बंद होतं.

"बाई, आता?" त्यांनी परत विचारलं.

बाई गाऊ लागल्या होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि षड्ज लागला होता. तो चाचांना ऐकू आला, अगदी स्वच्छ, आणि त्यांनी तहसीनला हाताने खूण केली : राहू दे, आता काही हलवू नकोस.